‘डोळे मागे जातात’ म्हणे! वेगवाचनाच्या क्लासने पैसे कसे काढले

परीक्षा संपल्या की दादर, ठाणे, बोरिवलीच्या हॉलमध्ये मोफत सेमिनार सुरू होतात. फ्लेक्सवर हसरा मुलगा, समोर पुस्तकांची चळत आणि खाली मोठ्या अक्षरात: डोळ्यांच्या शास्त्रशुद्ध व्यायामाने वाचनाचा वेग पाचपट. अशाच एका क्लासने आमच्याकडून २८,५०० रुपये काढले. प्रकरण ग्राहक आयोगात आहे, त्यामुळे नाव देत नाही. तसंही नावापेक्षा पद्धत ओळखता आली तर जास्त उपयोग होईल.

मुलगी नववीतून दहावीत गेली होती. सेमिनारच्या सरांनी सुरुवातच ‘पालकहो, बोर्डाचा पेपर अर्धवट का राहतो?’ अशी केली आणि हॉल चिडीचूप झाला. मग पडद्यावर एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचा फोटो आला, कीथ रेनर. वाचताना डोळे कसे हलतात यावर या माणसाने आयुष्य घालवलं, आमची पद्धत त्यांच्याच संशोधनावर उभी आहे, असं सरांनी सांगितलं. यातला पहिला भाग शंभर टक्के खरा आहे. सापळा म्हणून तो उत्तम चालतो तो त्यामुळेच.

सेमिनारनंतर ‘फ्री नेत्रगती चाचणी’. बाजूच्या खोलीत मुलीच्या डोळ्यांवर काळी फ्रेम चढवली, खाली छोटे कॅमेरे. लॅपटॉपवर चहाच्या मळ्यांवरचा इंग्रजी उतारा. दोन मिनिटांत प्रिंटआउट हातात: ओळींवरून धावणारी निळी नागमोडी रेघ आणि मध्येमध्ये मागे वळणारे लाल बाण. काउन्सेलर मॅडमनी १३ टक्के या आकड्याला लाल पेनने गोल केला. ‘बघा, शंभरातल्या तेरा वेळा हिचे डोळे उलटे फिरतात. याला रिग्रेशन म्हणतात. वेग इथेच मरतो. आत्ता नाही सुधारलं तर बारावीला, नीटला त्रास.’ बायकोने माझ्याकडे पाहिलं.

मी मुद्रितशोधक आहे, गिरगावातल्या एका छापखान्यात बरीच वर्षं काढली. मागे जाऊन पुन्हा वाचण्याचेच मला पैसे मिळतात. तसं मी बोललोही. मॅडमकडे उत्तर तयार होतं: ‘काका, तुमचं वाचन वेगळं. तुम्ही अक्षरं बघता, मुलांना अर्थ घ्यायचा असतो.’ यावर पटकन काय बोलणार?

आता त्या १३ टक्क्यांबद्दल. डोळा ओळीवरून सरकत जात नाही, उड्या मारत जातो. हे १८७० च्या दशकाअखेर एमिल जावाल या फ्रेंच नेत्रतज्ज्ञाच्या काळापासून माहीत आहे. इंग्रजी वाचताना एक उडी साधारण सात ते नऊ अक्षरांची, दोन उड्यांमधला थांबा सेकंदाच्या पाव भागाइतका. उडी चालू असताना आपल्याला काही दिसत नाही, वाचन होतं ते थांब्यात. आणि चांगल्या, सराईत प्रौढ वाचकाच्याही उड्यांपैकी १० ते १५ टक्के मागे जातात. रेनर यांच्याच लेखांत हा आकडा पुन्हा पुन्हा येतो. म्हणजे मुलीचा १३ अगदी मधोमध बसतो. निरोगी माणसाचा रक्तदाब मोजून ‘अरेरे, तुम्हाला रक्तदाब आहे’ म्हणावं, तसा हा सगळा प्रकार.

क्लासमध्ये दुसरं सांगत होते की सरावाने पूर्ण ओळ एका नजरेत टिपता येते. यावरचा प्रयोग रेनर आणि जॉर्ज मॅकॉन्की यांनी १९७५ साली प्रसिद्ध केला. संगणकाच्या पडद्यावर वाचकाची नजर जिथे असेल तिथलीच अक्षरं खरी ठेवायची, बाकी सगळीकडे भलतीच अक्षरं भरायची. नजर हलली की ही खिडकीही हलते. खिडकी किती लहान केली की वाचन अडखळतं, ते मोजायचं. अशा प्रयोगांतून इंग्रजीसाठी हिशेब निघाला: नजरेच्या डावीकडे तीन-चार अक्षरं, उजवीकडे फार तर चौदा-पंधरा. त्याबाहेर काय आहे याने वाचकाला फरक पडत नाही. त्यातही शब्द नेमका ओळखता येतो तो याहून लहान टापूत. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तर त्या वाचकांत खिडकी डावीकडे लांबलेली सापडली. मला हे भारी वाटलं, क्लासशी संबंध नसला तरी. पटत नसेल तर याच ओळीतल्या एका शब्दावर नजर रोखा आणि डोळा न हलवता चार शब्द पलीकडचा वाचून दाखवा.

पैशांचं असं झालं. फी एकरकमी द्यायची नव्हती, ‘इझी इन्स्टॉलमेंट, बिनव्याजी’. मॅडमनी आधार-पॅनचे फोटो काढले, फॉर्म त्यांच्याच टॅबवर भरला आणि म्हणाल्या, ‘रजिस्ट्रेशनचा ओटीपी आलाय तेवढा सांगा.’ रात्री फायनान्स कंपनीचा मेसेज आला: तुमचं कर्ज मंजूर. हप्ते क्लासला जात नव्हते. क्लासला सगळी रक्कम केव्हाच मिळाली होती, कर्ज माझ्या नावावर. पावतीवर ‘नोंदणी शुल्क’ एवढंच. परताव्याची अट पाठीमागे बारीक टायपात: बॅच सुरू झाल्यावर रक्कम परत मिळणार नाही.

वर्गात काय शिकवलं? पडद्यावरच्या ठिपक्यामागे डोळे फिरवणं, आडवा आठ काढणं, वाचलेली ओळ पुठ्ठ्याने झाकत जाणं, म्हणजे मागे जाताच येऊ नये. यातलं शेवटचं सगळ्यात वाईट. २०१४ साली रेनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जवळपास हेच करून पाहिलं होतं: नजर पुढे गेली की मागचे शब्द झाकून टाकायचे. समज घसरली. डोळा मागे जातो तो बहुधा काहीतरी निसटलं म्हणून. मराठी मुलीला इंग्रजी सायन्सच्या पुस्तकात तर तो जायलाच हवा.

शेवटी पुन्हा चाचणी. मिनिटाला १७० शब्दांवरून ८२० वर! सर्टिफिकेट, फोटो, टाळ्या. उतारा तोच, चहाच्या मळ्यांचा. वर दहा पर्यायी प्रश्न. मी ती प्रश्नपत्रिका डोंबिवलीच्या मेव्हण्यापुढे ठेवली. उतारा त्याने पाहिलाही नव्हता. ‘चहाच्या मळ्यांसाठी कोणता भाग प्रसिद्ध आहे: आसाम, राजस्थान, कच्छ, लडाख?’ त्याचे सहा बरोबर आले. मुलीचे आठ. इतिहासाचा धडा मात्र तिला पूर्वीइतकाच वेळ घेत होता, आणि पुठ्ठा लावला की काही लक्षात राहत नव्हतं.

ज्यांचा फोटो लावून हे चाललं होतं ते रेनर २०१५ च्या जानेवारीत वारले. सहकाऱ्यांसोबतचा त्यांचा वेगवाचनावरचा मोठा आढावा २०१६ मध्ये आला. त्यात म्हटलंय की वेग वाढवला की समज कमी होते, दोन्ही हातात राहत नाहीत. डोळे हलवण्यात वाचनाच्या एकूण वेळातला जेमतेम दहावा हिस्सा जातो. बाकीचा वेळ शब्द ओळखण्यात आणि वाक्य समजण्यात जातो, तो डोळ्यांच्या कसरतीने वाचत नाही. शब्दसंग्रह वाढला, वाचन वाढलं तर वेग वाढतो. वरवर चाळणं ही वेगळी कला आहे, तिची गरजही पडते, पण तिला वाचन म्हणून विकू नये. मूल खरोखरच अडखळत असेल तर नेत्रतज्ज्ञाकडून नंबर तपासा, शाळेतल्या समुपदेशकांशी बोला. डिस्लेक्सियासारख्या अडचणी डोळ्यांच्या व्यायामाने बऱ्या होतात याला पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या बालरोग आणि नेत्रतज्ज्ञांच्या संघटनांनी २००९ सालीच संयुक्तपणे सांगितलंय.

परतावा मागायला गेलो तेव्हा आधी ‘सर बाहेरगावी’, मग ९,००० देतो, पण समाधानी असल्याच्या कागदावर सही करा. केली नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. क्लासने उत्तर दिलं नाही, तेव्हा जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज टाकला. २०१९ च्या कायद्यानुसार दिशाभूल करणारी जाहिरात हा तक्रारीचा विषय आहे, ऑनलाइन दाखल करता येतं, पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही. मुदत दोन वर्षं. आमच्या कामी आली ती फ्लेक्सच्या मजकुराची फोटोप्रत, प्रिंटआउट आणि ओटीपीच्या मेसेजची वेळ.

कर्जाचं आणखी एक. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाच्या नियमांत सुरुवातीला कूलिंग ऑफची मुदत असते, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून दंडाशिवाय बाहेर पडता येतं. मेसेज आला त्या रात्री कर्जाच्या कागदांत तीच ओळ आधी शोधा. आम्हाला ती सापडली तोवर मुदत उलटून गेली होती. हप्ते अजून चालू आहेत, कारण थांबवले तर सिबिल स्कोअर माझा बिघडेल, क्लासचा नाही.