लेसरने टॅटू काढून टाकणे: १९ महिने आणि ९ सिटिंगनंतरचा अनुभव

माझ्या डाव्या हातावर, मनगटापासून चार बोटे वर, मी २०१४ साली गोव्यात किनाऱ्यालगतच्या एका दुकानात टॅटू गोंदवून घेतला होता. वडील जाऊन तेव्हा एक वर्ष झाले होते. ते प्रत्येक पत्राच्या शेवटी 'अनेक आशीर्वाद' असे लिहीत, आणि त्यातला एक शब्द आपल्या अंगावर कायम असावा अशी माझी मनापासून इच्छा होती. काळ्या शाईतला तो शब्द, त्याखाली तुळशीची हिरवी डहाळी आणि कडेला तीन तांबडे ठिपके, असे साधारण आठ सेंटिमीटर लांबीचे ते काम होते. शब्द मात्र 'आर्शिवाद' असा उमटला. रफार एक अक्षर अलीकडे सरकला आणि 'शी' ऱ्हस्व झाली. मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. जी चूक मी दरवर्षी मुलांच्या वह्यांत लाल शाईने दुरुस्त करते, तीच माझ्या हातावर, तीही वडिलांच्या शब्दात होती, आणि म्हणून दहा वर्षे मी वर्गात पूर्ण बाहीचेच कपडे घातले.

मार्च २०२४ मध्ये मी उपचार सुरू केले आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये नववे सिटिंग झाले. या काळात जे आधी माहीत असते तर बरे झाले असते असे वाटले, ते येथे सविस्तर लिहीत आहे.

सुरुवातीलाच माझी मोठी चूक झाली. घराजवळच्या एका सौंदर्योपचार केंद्रात 'सहा सिटिंगमध्ये टॅटू पूर्ण साफ' असे सांगून सहा सिटिंगचे १५ हजार रुपये आगाऊ घेण्यात आले. तिथे कोणीही माझ्या त्वचेचा रंग, पूर्वीचे व्रण, जखमा भरण्याची पद्धत किंवा चालू औषधे यांविषयी विचारले नाही. पहिल्या आणि दुसऱ्या सिटिंगमध्ये केवळ तीन आठवड्यांचे अंतर ठेवण्यात आले. पहिल्या वेळची त्वचा आतून पुरती सावरलेली नसतानाच तिच्यावर पुन्हा मारा झाला, मोठे फोड आले, आणि खपल्या पडल्यानंतर टॅटूभोवती करड्या-तपकिरी रंगाचा एक पट्टा उरला. टॅटू होता तसाच होता, शिवाय आता त्याला काळपट चौकट आली होती. उरलेल्या चार सिटिंगचे पैसे परत मिळाले नाहीत, आणि मी तो विषय तिथेच सोडला.

त्यानंतर साताऱ्याहून पुण्याला जाऊन मी एका त्वचारोगतज्ज्ञ डॉक्टरांना हात दाखवला. त्यांनी त्या दिवशी लेसरला हातही लावला नाही. डागासाठी रात्री लावायचे मलम दिले, दिवसा सनस्क्रीन लावायला सांगितले आणि चार महिन्यांनी यायला सांगितले. तेव्हा मला ते वेळ घालवणे वाटले होते, परंतु संपूर्ण उपचारातला सर्वांत शहाणपणाचा निर्णय तोच होता, असे आज मी खात्रीने म्हणू शकते.

लेसर शाई 'पुसतो' अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात तो शाई फक्त फोडतो. टॅटूची शाई त्वचेच्या वरच्या, सतत झडणाऱ्या थरात नसते, ती त्याखालच्या थरात असते आणि तिथल्या भक्षक पेशींनी तिचे कण गिळून धरून ठेवलेले असतात. कण मोठे असल्यामुळे त्या पेशींना ते पचवताही येत नाहीत आणि वाहूनही नेता येत नाहीत. फ्रान्समधील मार्सेय येथील संशोधकांनी २०१८ मध्ये उंदरांवर केलेल्या प्रयोगांतून दाखवले, की अशी पेशी मेली तरी तिच्यातून सुटलेली शाई नवी पेशी उचलून घेते आणि म्हणून टॅटू जागच्या जागी टिकतो. लेसरचा झोत सेकंदाच्या काही अब्जांश भागापुरता, आणि पिको लेसर या प्रकारात त्याहूनही कमी काळ पडतो. तेवढ्यात शाईचा कण तापून फुटतो, पण आजूबाजूच्या त्वचेपर्यंत उष्णता पोहोचायला वेळ मिळत नाही. या पद्धतीमागचे तत्त्व अँडरसन आणि पॅरिश या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडले. फुटलेला चुरा उचलून लसिकांवाटे (पेशींभोवतालचा द्रव वाहून नेणाऱ्या बारीक नळ्यांवाटे) वाहून नेण्याचे काम मात्र शरीर स्वतःच्या गतीने, आठवडेच्या आठवडे करत राहते. हे समजल्यावर दोन सिटिंगमध्ये सहा ते आठ आठवडे का थांबायचे हा प्रश्न माझ्यापुरता संपला. त्या आठ आठवड्यांत काही होत नसते असे नाही, खरे काम तेव्हाच होत असते.

आपल्यासारख्या गव्हाळ आणि सावळ्या वर्णाच्या लोकांनी आणखी एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. लेसरला शाईचा रंग दिसतो तसाच त्वचेला वर्ण देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्याचाही रंग दिसतो. १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश मेलॅनिन तुलनेने कमी शोषून घेते, म्हणून काळ्या आणि गडद निळ्या शाईसाठी आपल्या त्वचेवर ती तरंगलांबी अधिक सुरक्षित मानली जाते. तांबड्या शाईसाठी ५३२ नॅनोमीटर लागते, हिरव्यासाठी ६९४ किंवा ७५५, आणि या सगळ्या तरंगलांबी मेलॅनिन बरीच अधिक शोषते. त्यामुळे जळण्याचा, डाग पडण्याचा किंवा त्या जागेचा मूळ रंगच उडून पांढुरका ठसा राहण्याचा धोका वाढतो. 'तुमच्याकडे कोणकोणत्या तरंगलांबीचे यंत्र आहे आणि माझ्या कोणत्या रंगासाठी कोणती वापरणार?' हा एक प्रश्न मी पहिल्याच ठिकाणी विचारला असता, तर तिथे हिरव्या रंगावर चालणारे यंत्रच नव्हते हे मला पैसे भरण्यापूर्वी कळले असते.

पुण्याच्या डॉक्टरांनी सिटिंगचा आकडा ठामपणे सांगितला नाही. त्वचेचा वर्ण, टॅटूची जागा, रंग, शाईचे प्रमाण, आधीचा व्रण आणि एकावर एक काढलेले थर अशा सहा गोष्टींना गुण देणारी एक पद्धत २००९ पासून वापरात आहे. तिच्या आधाराने त्यांनी मला आठ ते बारा सिटिंगचा अंदाज दिला. सोबत त्यांनी इटलीतल्या ३५२ जणांच्या, २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाबद्दलही सांगितले. त्यात दहा सिटिंगनंतर सुमारे ४७ टक्के आणि पंधरा सिटिंगनंतर सुमारे ७५ टक्के लोकांचे टॅटू यशस्वीपणे निघाले होते, आणि धूम्रपान करणाऱ्यांमध्ये यशाची शक्यता बरीच घटली होती. सहा सिटिंगच्या त्या पॅकेजची आठवण मला तेव्हा फार बोचली.

आता प्रत्यक्ष सिटिंगविषयी. तासभर आधी हातावर भूल देणारे मलम लावून वर प्लास्टिकची पट्टी गुंडाळतात. त्याने वेदना कमी होतात, पूर्णपणे जात नाहीत. डोळ्यांवर संरक्षक चष्मा खोलीतल्या प्रत्येकाने लावायचा असतो. पहिल्या ठिकाणी मला तो दिला गेला नव्हता, हे आठवले की आजही अंगावर काटा येतो. झोत पडू लागले की चटचट असा आवाज येतो आणि तापलेल्या फोडणीचे शिंतोडे एकाच जागी पुन्हा पुन्हा उडावेत तशी जळजळ होते. मनगटाकडच्या बाजूला, जिथे हाडावर मांस कमी आहे, तिथे ती सर्वांत जास्त जाणवली. गार हवेचा झोत सतत सोडतात, त्याचा खूप आधार होतो. माझ्या टॅटूला चार ते पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ कधीच लागला नाही. झोत पडलेली अक्षरे क्षणात पांढरी होतात, जणू काळ्या शब्दावर कोणी खडूने गिरवले आहे. ते शाई गेल्याचे लक्षण नव्हे. त्वचेत वायूचे सूक्ष्म बुडबुडे झाल्यामुळे तसे दिसते आणि वीस मिनिटांत शब्द पुन्हा काळा होतो. पहिल्या वेळी तो पांढरा शब्द पाहून मला आनंदाने रडू आले होते, आणि रिक्षात बसेपर्यंत तो परतही आला होता.

दुसऱ्या दिवशी सूज आणि लाली येते. बहुतेक वेळा पाण्याने भरलेले लहान फोड येतात आणि ते फोडायचे नाहीत. पेट्रोलियम जेली किंवा डॉक्टरांनी दिलेले मलम, वर न चिकटणारी पट्टी, आणि साधारण दहा दिवसांत खपल्या आपोआप गळणे, असा क्रम माझ्याबाबतीत प्रत्येक वेळी राहिला. पाचव्या-सहाव्या दिवशी खाज सुटते, तेव्हा स्वतःला आवरावे लागते. ताप, पू किंवा वाढत जाणारी वेदना असेल तर वाट न पाहता डॉक्टरांना दाखवावे.

उन्हाचे पथ्य मला सर्वांत जड गेले. मी रोज स्कूटरने शाळेत जाते आणि हँडलवर टेकलेल्या हाताच्या पाठीवर सरळ ऊन येते. सनकोट, त्यावर सनस्क्रीन, आणि मे महिन्यात सिटिंगच न घेणे असा नियम आम्ही ठरवला. २०२५ च्या मार्चनंतरचे सिटिंग त्यामुळे थेट जूनमध्ये झाले. उन्हाने काळवंडलेल्या त्वचेवर लेसर मारू नये, कारण प्रकाशाला शाईआधी तो नवा काळसरपणाच भेटतो. ज्यांचे काम शेतात, बांधकामावर किंवा दिवसभर दुचाकीवर आहे, त्यांनी या गोष्टीचा पैशाइतकाच गांभीर्याने विचार करावा, असे मला वाटते.

पुण्यातल्या पहिल्या दोन सिटिंगनंतर माझ्या डोळ्यांना काहीच फरक दिसत नव्हता. डॉक्टर दर वेळी एकाच दिव्याखाली, एकाच अंतरावरून फोटो काढत, आणि ते शेजारी शेजारी ठेवल्यावरच शाई विरळ होत असल्याचे कळे. तिसऱ्यानंतर मात्र अक्षरांच्या कडा तुटू लागल्या. आधी 'वाद' गेला, मग 'आ'चा काना. पाचव्यानंतर काळा शब्द जवळजवळ नाहीसा झाला. सर्वांत शेवटपर्यंत चिवटपणे राहिला तो रफारच, कारण दुकानदाराने ती रेघ दोनदा गिरवली होती आणि तिथे शाईचा थर दाट होता. तांबडे ठिपके ५३२ च्या दोन सिटिंगमध्ये गेले, परंतु त्याआधी एकाच ठिपक्यावर चाचणी घेऊन सहा आठवडे वाट पाहण्यात आली होती. ही चाचणी कोणी टाळत असेल तर आपण आग्रह धरावा. ज्यांच्या टॅटूत पांढरा किंवा त्वचेच्या रंगाचा भाग आहे, किंवा ज्यांनी भुवया-ओठांवर रंग भरून घेतले आहेत, त्यांना तर चाचणी अत्यावश्यक आहे. त्या रंगांतले टायटॅनियम किंवा लोहाचे ऑक्साइड लेसरने उजळण्याऐवजी काळे पडू शकते.

हिरवी डहाळी मात्र १०६४ ला दादच देत नव्हती. म्हणून शेवटची दोन सिटिंग ७५५ नॅनोमीटरच्या पिको लेसरवर घेतली, आणि एवढ्यातच पाने निम्म्याहून अधिक फिकी झाली आहेत.

प्रतीक्षागृहात एकदा सत्तरीच्या एक आजी भेटल्या. हनुवटीवरचे आणि कपाळावरचे गोंदण काढायला त्या सुनेबरोबर आल्या होत्या, आणि तीनच सिटिंगमध्ये त्यांचे काम बहुतेक झाले होते. काजळीसारख्या कार्बनच्या शाईचे, हाताने थोडीच शाई भरलेले जुने गोंदण व्यावसायिक टॅटूपेक्षा सहसा लवकर जाते, असे डॉक्टरांनी नंतर सांगितले. माझी आजी म्हणायची, की मेल्यावर बरोबर येतो तो दागिना फक्त गोंदणाचा. ते मी त्या आजींना सांगितले नाही. त्यांना आरशात ते नको होते, आणि तेवढे कारण मला पुरेसे वाटले.

खर्चाचा हिशेब असा: पहिल्या ठिकाणचे १५ हजार, पुण्यातली पाच सिटिंग प्रत्येकी ४,५०० प्रमाणे २२,५००, आणि पिकोची दोन प्रत्येकी ९,००० प्रमाणे १८ हजार, म्हणजे एकूण ५५,५०० रुपये. मलमे, सनस्क्रीन आणि पुण्याच्या फेऱ्या वेगळ्या. टॅटू गोंदवून घ्यायला २,५०० लागले होते. ज्यांना पूर्ण काढायचा नसून वर दुसरे चित्र काढून घ्यायचे आहे, त्यांना शाई फक्त फिकी करून घेणे पुरते, आणि त्यासाठी सिटिंग बरीच कमी लागतात. माझाही आधी तोच विचार होता: रफार तेवढा काढायचा आणि शब्द शुद्ध लिहून घ्यायचा. पहिल्या केंद्रातल्या डागामुळे त्या त्वचेवर पुन्हा सुई चालवणे डॉक्टरांना योग्य वाटले नाही, आणि मीही मग हट्ट धरला नाही.

आजची स्थिती सांगायची तर काळे आणि तांबडे गेले आहे, हिरव्याची पुसट छाया आहे, आणि पहिल्या केंद्राने दिलेला पट्टा बारकाईने पाहिले तरच दिसतो. तिरप्या उन्हात हात धरला तर जिथे अक्षरे होती तिथली त्वचा किंचित उजळ भासते. ती हळूहळू सभोवतालच्या रंगात मिसळेल अशी डॉक्टरांची अपेक्षा आहे, मात्र त्यांनी तसे वचन दिलेले नाही. पुढचे सिटिंग जानेवारीत आहे. दिवाळीच्या सुट्टीनंतर मी पहिल्यांदाच अर्ध्या बाहीचा कुर्ता घालून वर्गात गेले आणि त्या दिवशी रफाराचे नियम शिकवले. वडिलांचे एक पत्र मी चौकटीत लावून टेबलावर ठेवले आहे, आणि त्यात तो शब्द त्यांच्या हातचा, बिनचूक आहे.