केम्ब्रिजचे पाच की भवनचे अकरा? इतिहासाचा जुना सेट घेणाऱ्यांसाठी

गेल्या काही महिन्यांत तिघांनी मला हाच प्रश्न विचारला, त्यातले एक तर आमच्या भागातल्या वाचनालयाचे ग्रंथपालच, की भारताच्या इतिहासाचा जुना मोठा सेट घ्यायचा तर केम्ब्रिजवाला घ्यावा की भारतीय विद्या भवनवाला. प्रत्येकाला फोनवर अर्धा अर्धा तास सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. दोन्ही सेट माझ्या घरात राहून गेलेत, एक अजून आहे, दुसऱ्यातले दोनच खंड उरलेत. माझा कल कुठे ते हुशार लोकांना इथेच कळलं असेल, पण तरी पुढे वाचा, तुमची गरज माझ्यापेक्षा वेगळी असू शकते.

कोणता सेट कोणाच्या नजरेतून लिहिलाय हे सगळ्यांना माहीत आहे. एकात साहेबाचा चष्मा, दुसऱ्यात स्वातंत्र्यानंतरचा नवा ताठा, आणि दोन्ही चष्मे लावून वाचता येतं ज्याला वाचायचंय त्याला, त्यामुळे तो वाद इथे घालत नाही. मी बोलतोय ते वस्तू म्हणून, म्हणजे कपाटात ठेवायला, हाताळायला, आणि वेळ आली तर विकायला.

आधी केम्ब्रिज. दिसायला देखणा, यात दुमत नाही. माझ्याकडे आला तो केम्ब्रिज युनिव्हर्सिटी प्रेसचा मूळ छापाचा, नागपूरच्या बर्डीवर एका जुन्या पुस्तकांच्या ठेल्यावर, पोत्याखाली. कुठल्यातरी वकिलाच्या घरातून निघालेला असावा, कारण पाचव्या खंडात खटल्याच्या तारखांची चिठ्ठी होती. खंड १, ३, ४, ५, ६. मी म्हटलं, दुसरा कुठाय? ठेलेवाला म्हणे, "भेटून जाते ना सायेब, कुठं जाते तो. आठ दिवस द्या फक्त." मी सगळे पैसे देऊन घरी आलो आणि कपाटात एक आणि तीनच्या मधे एका पुस्तकाची जागा मोकळी ठेवली.

ती जागा मी दोन वर्षं मोकळी ठेवली. हसू नका. दर रविवारी बर्डी, पुण्याला गेलो की अप्पा बळवंत चौक, ओळखीच्या दोन-तीन विक्रेत्यांना फोन, आणि गंमत म्हणजे कोणीही मला "असा खंडच नाही" असं सांगितलं नाही, एकाने तर "अहो मागच्याच महिन्यात गेला हातचा" असंही ऐकवलं. एकदा एकाने खरंच दुसरा खंड म्हणून पुस्तक पाठवलं, उघडलं तर ते नीलकंठ शास्त्रींनी संपादित केलेलं १९५७ चं, मौर्य आणि सातवाहनांचं, वेगळ्याच मालिकेतलं. तीही मालिका चांगलीच, पण केम्ब्रिजशी तिचा काय संबंध. शेवटी एका निवृत्त प्राध्यापकांनी चहा पिता पिता सांगितलं की केम्ब्रिज हिस्ट्री ऑफ इंडियाचा दुसरा खंड कधी निघालाच नाही. योजनेत होता, छापलाच गेला नाही. १९२२ ला पहिला आला, १९२८ ला तिसरा, १९२९ ला पाचवा, १९३२ ला सहावा आणि १९३७ ला चौथा, दुसरा नाहीच. चूक माझी, आधी कोणालातरी विचारायला पाहिजे होतं. पण तुम्हाला कोणी "सहाच्या सहा खंड पूर्ण" म्हणून सेट दाखवला तर समजून घ्या की त्याला तरी माहीत नाही किंवा तुम्हाला माहीत नसेल असं त्याला वाटतंय.

आता म्हणाल, नसेल निघाला, पाच तर पाच, जगात सगळ्यांचेच पाच आहेत, मग अडलं कुठे? मलाही आधी असंच वाटायचं. अडलं ते वेगळ्याच ठिकाणी. शेजारच्या मुलीला कॉलेजात प्रभावतीगुप्तेवर प्रोजेक्ट होता. रामटेकजवळ नगरधनला कॉलेजची ट्रिप गेलेली, तिथे सरांनी सांगितलं की हेच वाकाटकांचं, म्हणजे गुप्तांच्या काळात विदर्भावर राज्य करणाऱ्या घराण्याचं, नंदिवर्धन, आणि ही दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी, नवरा रुद्रसेन गेल्यावर पोरं लहान म्हणून तिनेच इथून राज्य चालवलं. मुलगी मोठ्या उत्साहाने आली, काका तुमच्याकडे तर एवढी जाडी पुस्तकं आहेत. मी पण रुबाबात पहिला खंड काढला. तो इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या मध्यावर येऊन थांबतो. तिसरा काढला, तो सुरू होतो अरबांच्या सिंधवरच्या स्वारीपासून आणि लगेच गझनीकडे वळतो. मधली सगळी शतकं त्या मोकळ्या जागेत. वाकाटक तिथेच, अजिंठ्याची सोळा नंबरची लेणी खोदवून घेणारा वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव तिथेच, राष्ट्रकूट तिथेच. म्हणजे भारताच्या इतिहासात विदर्भ ज्या काळात सगळ्यात उंच उभा होता नेमका तोच काळ माझ्या कपाटात नव्हता, आणि मी नागपुरात बसून तो सेट मिरवत होतो. ती पोरगी बिचारी काही बोलली नाही, "राहू द्या काका, गूगल करते" म्हणाली. मला ते जास्त लागलं.

दुसऱ्या कोणाला हा मुद्दा एवढा टोचणार नाही, हे कबूल. दिल्लीच्या किंवा लाहोरच्या इतिहासावर काम करणाऱ्याला कदाचित फरकही पडणार नाही. पण आपल्याकडे बसून घेताय तर विचार करा.

भवनच्या सेटमध्ये वाकाटक तिसऱ्या खंडात मिळतात, गुप्तकाळातल्या दख्खनबरोबर. तपशील आज जुना झालाय, इतिहाससंशोधक वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख संपादित करून ग्रंथ काढला तो १९६३ ला, म्हणजे भवनचा तिसरा खंड त्याच्या नऊ वर्षं आधीचा. पण निदान दार आहे, आत जाता येतं. आणि मागे वंशावळ्या, कालक्रम, संदर्भसूची. त्या मुलीला मी नंतर नेऊन दिला तो खंड, तोवर तिचा प्रोजेक्ट सबमिट झाला होता.

भवनची स्वतःची डोकेदुखी वेगळी आहे. कन्हैयालाल मुन्शींच्या डोक्यातून निघालेलं काम, संपादक रमेशचंद्र मजुमदार, अकरा खंड, पण ते ओळीने निघाले नाहीत. पहिले दोन १९५१ चे, सहावा १९६० चा, आणि मग मुघलांचा सातवा आणि मराठ्यांचा आठवा मागे ठेवून इंग्रजांचे नववा-दहावा १९६३ आणि १९६५ ला, स्वातंत्र्यलढ्याचा अकरावा १९६९ ला. सातवा आला १९७४ ला, आठवा १९७७ ला. तोवर मुन्शी गेले होते, मजुमदार नव्वदीला टेकलेले. आता विचार करा, ज्या शाळा-कॉलेजांनी पन्नास-साठच्या दशकात खंड येईल तसा घेतला त्यांचं काय झालं असेल. मधे ग्रंथपाल बदलला, अनुदान बदललं, अकरावा आला म्हणजे सेट संपला असं समजून रजिस्टर बंद. मी जितके जुने सेट पाहिलेत त्यात बहुतेक वेळा सात आणि आठ गायब. म्हणजे मराठी माणसाच्या कपाटात नेमके मराठेच नाहीत, नागपूरकर भोसलेही नाहीत.

पण हा खड्डा भरता येतो, माझ्या दृष्टीने सगळा फरक इथेच आहे. भवनने हे खंड पुन्हा पुन्हा छापलेत, जुना मिळाला नाही तर नवीन छापाचा आठवा आणून लावा, सेट मिश्र होईल, संग्राहक नाक मुरडतील, वाचणाऱ्याला काही फरक नाही. माझा सेट असाच आहे, सातवा-आठवा नव्या कोऱ्या जॅकेटात, बाकीचे त्यांच्याशेजारी आजोबा बसल्यासारखे.

मग केम्ब्रिज कोणी घ्यावा? ज्याला वस्तू हवीय त्याने. मनापासून सांगतो. तिसऱ्या खंडात जॉन मार्शलचं मुसलमानी वास्तूंवरचं प्रकरण आणि चौथ्यात पर्सी ब्राउनचं मुघल वास्तूंवरचं, ती फोटोंची पानं उलटताना जो आनंद आहे तो भवनच्या कुठल्याही खंडात मला मिळाला नाही. मूळ छाप असेल तर भावही टिकतो, निदान माझ्या अनुभवात टिकला. घेताना मात्र तीन गोष्टी बघा. एक, आतलं पहिलं पान, कारण आपल्याकडच्या पुनर्मुद्रणाच्या प्रती बाजारात भरपूर आहेत आणि बाहेरून पुन्हा बांधल्या असतील तर पटकन कळत नाही. लायब्ररीला खरं तर देशी पुनर्मुद्रणच बरं, त्याच्या सहाव्या खंडात १९१९ ते १९४७ ची प्रकरणं जोडलेली आहेत, जी मूळ साहेबी छापात असणं शक्यच नाही. दोन, फोटोंची पानं यादीशी ताडून मोजा, ब्लेडने कापून नेणारे सगळ्या पिढ्यांत झालेत. तीन, सिंधूसंस्कृतीची पुरवणी आहे का. पहिला खंड आला १९२२ ला आणि मोहेंजोदडो-हडप्पाची बातमी जगाला कळली १९२४ ला, त्यामुळे पहिल्या खंडात ते शोधू नका, त्यासाठी पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलरचं वेगळं बारकं पुस्तक १९५३ ला काढावं लागलं. ते बहुतेक जुन्या सेटांसोबत येत नाही, कारण ज्याने सेट घेतला तो तोवर एकतर पेन्शनीत गेला होता किंवा इंग्लंडला.

आणि चौथी गोष्ट नागपूरकरांसाठी, कूलर. मे महिन्यात ४५ च्या वर पारा गेला की आपण वाळ्याच्या ताट्यांवर पाणी सोडून खोली गार करतो, आपल्याला बरं वाटतं, पुस्तकांचं वाटोळं होतं. बाहेर कोरडं ठणठणीत, खोलीत दमट, पंधरा दिवसांत पानं लाटांसारखी होतात. माझ्या तिसऱ्या खंडाची फोटोंची गुळगुळीत पानं एका उन्हाळ्यात एकमेकांना चिकटली. पाच-सहा पानं. मी शहाणपणा करून सुरीने सोडवायला गेलो तर कुतुबमिनाराचा अर्धा पापुद्रा समोरच्या पानावर गेला. ज्यांच्या खोलीला कूलर आहे त्यांनी मिळेल तो सेट दुसऱ्या खोलीत ठेवावा, मग तो केम्ब्रिज असो की भवन. साधा कागद सुकतो तरी, चिकट मुलाम्याचा कागद सुकत नाही.

वाचनालयाच्या बाबतीत मी जरा जास्त ठाम आहे, तरी ग्रंथपालांचा मान राखून सांगतो. क वर्गाच्या, म्हणजे लहान वाचनालयात केम्ब्रिजचा मूळ सेट म्हणजे काचेच्या कपाटातला हत्ती. हात लावू देता येत नाही, द्यायला काढता येत नाही, ज्याला वाचायचाय तो घरी मोबाइलवर स्कॅन वाचतो, आणि दुर्मिळ म्हणून नोंद केली की दर वर्षी मोजणीत त्याचीच धास्ती. भवनचा सेट वापरायला ठेवता येतो, एखादा खंड फाटला तर तेवढाच बदलता येतो. स्पर्धा परीक्षेची पोरं नववा-दहावा खरंच मागतात, हे आमच्याकडच्या देवघेव रजिस्टरवरून सांगतोय. दुसऱ्या वाचनालयाचं वेगळं असू शकेल.

पैशाचं म्हणाल तर मी भवनचे जुने नऊ खंड, त्यात एक-दोन पुठ्ठे सुटलेले, एका बऱ्या कूलरच्या किमतीत घेतले. सात आणि आठ नवीन, त्याचे वेगळे. केम्ब्रिज घेतला त्यापेक्षा जास्तच गेले. पण केम्ब्रिज नंतर एका सद्गृहस्थांना दिला, त्यांच्याकडे तिसरा-चौथा आधीच होता, त्यांना एक, पाच, सहा हवे होते, म्हणून माझ्याकडे चिकटलेल्या पानांचा तिसरा आणि चौथा राहिला. चौथा कोणी मागितला तरी देणार नाही. ते गृहस्थही घेताना पहिला प्रश्न तोच विचारत होते, दुसरा खंड कुठाय. मी सांगितलं तर म्हणाले, नाही हो, मला एकाने शब्द दिलाय आणून द्यायचा.

तर घेणार असाल तर भवनचा घ्या, मिश्र सेट चालतो असं धरून घ्या, सात आणि आठ आहेत का ते आधी बघा आणि मगच भाव करा, कारण विकणारा नेमके तेच दोन नसताना पूर्ण सेटचा भाव सांगतो. प्रत्येक खंड कोणत्या साली छापला ते आतल्या पानावरून वहीत उतरवून ठेवा. पहिल्या खंडावर लंडनच्या ॲलन अँड अनविनचं नाव दिसलं तर तो १९५१ चा असू शकतो, तेवढा एक मात्र जपून ठेवा. आणि माझ्या भवनच्या चौथ्या खंडाला जॅकेट नाही, १९५५ च्या छापाचं कोणाकडे जास्तीचं पडलं असेल, फाटकं असलं तरी चालेल, तर सांगा.