हाताने कातलेली एबोनाइटची शाईपेने: काही महिन्यांच्या वापरानंतर

दक्षिण भारतातील एका लहान, घरगुती कारखान्यातून घेतलेली एबोनाइटची तीन शाईपेने गेले काही महिने मी रोजच्या लेखनासाठी आलटूनपालटून वापरत आहे. या व्यवसायाला आपल्याकडे जुनी परंपरा आहे. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी स्वदेशीच्या काळात घडवलेले पेन गांधीजींनी वापरून पाहिले आणि १९३५ मध्ये पत्र लिहून त्याबद्दल आभार मानले. माझी पेनेही तशीच लेथवर हाताने कातलेली आहेत.

एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेले रबर. ते हाताला गार लागत नाही, घामाने निसटत नाही आणि बराच वेळ लिहूनही बोटे अवघडत नाहीत. उजेड आणि दमटपणा मात्र त्याला मानवत नाही; काळा रंग हळूहळू तपकिरी पडू लागतो. म्हणून पावसाळ्यात ही पेने खणात ठेवावीत आणि धुताना पाण्यात भिजत घालू नयेत.

तिन्हींत शाई ड्रॉपरने थेट नळीत भरायची असते. कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे इतर पेनांत बसवायच्या शाई ओढून घेणाऱ्या छोट्या नळीत, सहसा एक मिलिलिटरही शाई मावत नाही, इथे तीन-चार मिलिलिटर सहज बसते. पण शाई निम्म्याखाली उतरली की हाताच्या उबेने आतली हवा प्रसरण पावते आणि निबेखाली टपोरा थेंब जमतो. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावल्याने जोडातली गळती थांबते, हा थेंब थांबत नाही. त्यासाठी नळी रिकामी होऊ न देणे हाच उपाय.

खरा प्रश्न निबेचा आहे. एका पेनाची शाई लांब शिरोरेघ ओढताना मध्येच तुटत असे. निब उजेडाकडे आडवी धरल्यावर तिच्यात आणि फीडमध्ये, म्हणजे शाई निबेपर्यंत आणणाऱ्या तिच्याखालच्या भागात, केसाएवढी फट दिसली. फीड एबोनाइटचे असल्यामुळे ते निबेसह कडकडीत गरम पाण्यात धरून, मऊ पडताच अंगठ्याने दाबून नीट बसवता आले आणि त्यानंतर शाई अखंड उतरू लागली. प्लास्टिकचे फीड असे सहजी वळत नाही, त्यामुळे पेन मागवताना एबोनाइटचेच फीड मागावे.

देवनागरीसाठी निब निवडणे हा वेगळाच विचार आहे. बारीक निबेने रफार आणि जोडाक्षरे स्वच्छ उमटतात. १.१ मिलिमीटरच्या स्टब, म्हणजे रुंद, चपट्या टोकाच्या निबेने काना भरदार आणि शिरोरेघ नाजूक येते, पान देखणे दिसते; मात्र अक्षर लहान असेल तर ‘क्ष’ आणि ‘ळ’ यांच्या पोकळ्या बुजून जातात. त्यामुळे संग्रह वाढवताना नक्षीदार रंगांच्या मोहात पडण्यापेक्षा एकाच घाटाच्या पेनांना निरनिराळ्या निबा घ्याव्यात, असे माझे ठाम मत झाले आहे. पुढची मागणी मी त्याच काळ्या, बिनक्लिपच्या घाटाची नोंदवली आहे, या वेळी मध्यम निबेसह.