पंप गेला म्हणून सांगितलं, तुटली होती वायर

जुनी डिझेल गाडी चालू होत नाही आणि गॅरेजवाला बॉनेट उघडल्या उघडल्या "पंप गेलाय" म्हणाला, तर गाडी तिथून उचला. टोइंगचे पैसे दुसऱ्यांदा गेले तरी स्वस्तात पडेल. इंजिनला डिझेल पुरवणारा पंप "काढून पंपवाल्याकडे (असे पंप दुरुस्त करणाऱ्याकडे) पाठवला" म्हटलं की मालकाच्या डोळ्यांवर पट्टीच बसते. तो खरंच काढला का, कुठे गेला, तिथे काय झालं, काही कळत नाही. कळतो तो फक्त आकडा. आमच्याकडून असेच 29,400 रुपये काढले आणि बिघाड होता तिथेच राहिला.

गाडी वडिलांची. 2007 ची टाटा इंडिका, साधी 1.4 लिटरची डिझेल. टर्बो नाही, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरांना जास्त दाबाच्या एकाच नळीतून डिझेल देणारी पद्धत) नाही. पंधरा वर्षं झाल्यावर आरटीओत पासिंग करून पाच वर्षं वाढवून घेतलेली. तासगावातून सांगलीला दवाखाना, बाजार, लग्नकार्य, आणि हंगामात मागच्या सीटवर द्राक्षाच्या पेट्या, हे सगळं हीच गाडी करते. त्या दिवशी सांगलीत मार्केट यार्डाजवळ लावली होती. परत आलो तर सेल्फ खणखणीत फिरतोय, पण इंजिन काही पकडेना. मागे धुराचा ठिपका नाही. जवळच्या एका गॅरेजवाल्याने टो करून नेली.

तिथे जे झालं ते नीट सांगते, कारण पद्धत ठरलेली असते. आधी एका पोराला सीटवर बसवून सेल्फ मारायला लावला. दहा-पंधरा सेकंद मारून थांबायचं, सेल्फ गार होऊ द्यायचा, ही साधी रीत. हा मिनिट-मिनिटभर दाबूनच बसला होता. बॅटरी बसणारच. मग मालक आला आणि म्हणाला, "बॅटरीपण संपलीय." त्यानंतर एका वाटीत डिझेल, त्याच्या तळाशी चमचमणारी बारीक चांदी. "हा तुमच्या पंपाचा चुरा." शेवटी एक ओरखडे पडलेला रोटर, म्हणजे पंपाच्या आतला फिरणारा भाग, माझ्या चुलतभावाच्या हातात दिला. भाऊ बँकेत आहे, त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण बोलणं सगळं त्याच्याशी चाललं होतं. मी विचारलं, पंपापर्यंत डिझेल येतंय का ते बघितलं का? उत्तर भावाकडे बघून आलं: "ताईंना सांगा, ते टेक्निकल असतं."

मग दोन पर्याय पुढे ठेवले. पंप ओव्हरहॉल (पूर्ण खोलून दुरुस्त) करा, नाहीतर "एवढ्या जुन्या गाडीवर कशाला खर्च करता, पंचवीस हजारात मीच घेतो." हा दुसरा पर्याय जास्त घातक. चालू न होणाऱ्या गाडीचा मालक हवालदिल असतो, आणि वायरीचा एक तुकडा बदलून तीच गाडी पुढच्या आठवड्यात दुप्पट भावाने विकता येते.

चिठ्ठीवर लिहिलेलं असं: पंप ओव्हरहॉल 16,500, चार हीटर प्लग (गाडी चालू करताना सिलिंडर तापवणारे) 2,400, बॅटरी 5,200, मजुरी 3,500, टोइंग 1,800. पक्कं बिल मागितलं तर "जीएसटी अठरा टक्के वरून पडेल." पैसे यूपीआयने दिले. गाडी पहिल्या सेल्फला चालू झाली आणि पंप चांदीसारखा चकाकत होता.

थोड्या आठवड्यांनी गाडी शेतावर पुन्हा तशीच बसली. तोच खणखणीत सेल्फ, तीच बिनधुराची नळी. यावेळी आमच्या गावातले ट्रॅक्टरचे फिटर आले. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी पान्याला हातसुद्धा लावला नाही, आधी मागे जाऊन उभे राहिले आणि वडिलांना म्हणाले, "दादा, मारा सेल्फ." पाच-सात सेकंद. मग विचारलं, "धूर न्हाईच ना?" नाहीच.

हा प्रश्न सगळ्यात आधी का, ते समजून घ्या. सेल्फ जोरात फिरतोय आणि मागून काहीच धूर नाही, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल पोचतच नाहीये. पांढरा धूर येतोय, कच्च्या डिझेलचा वास येतोय, म्हणजे डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग, लाइनीत धरलेली हवा, टायमिंग (डिझेल सोडण्याची वेळ), आणि सगळ्यात शेवटी कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). सेल्फच कण्हत फिरत असेल तर बॅटरी, तिची टर्मिनलं आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी. सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावून साडेनऊ व्होल्टच्या खूप खाली जातंय का बघायचं. या तीन वाटा एकमेकींपासून वेगळ्या आहेत आणि कुठल्या वाटेने जायचं ते ठरवायला एक रुपया लागत नाही.

अण्णांनी खिशातून दोन वायरींना लावलेला बल्ब काढला. एक टोक इंजिनला, दुसरं पंपाच्या डोक्यावरच्या सोलेनॉइडच्या वायरीला. किल्ली ऑन केली. बल्ब पेटेना. मग ती वायर त्यांनी दोन बोटांत धरून हळूच वाकवली, तर बल्ब लुकलुकला, विझला, परत लुकलुकला. वरचं रबर शाबूत, आत तांबं तुटलेलं, हिरवं पडलेलं. बॅटरीच्या प्लसवरून एक वायर थेट सोलेनॉइडला टेकवली, 'टक्' असा आवाज आला. "मारा आता." अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू.

या रोटरी पंपांवर डिझेलची वाट उघडणारा-बंद करणारा एक छोटा सोलेनॉइड असतो. किल्ली ऑन केली की त्याला 12 व्होल्ट मिळतात, आतला दांडा ओढला जातो, डिझेल मोकळं होतं. किल्ली काढली की स्प्रिंग दांडा परत ढकलते आणि गाडी बंद पडते. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, त्यामुळे ते बंद करायचं तर डिझेलच तोडावं लागतं. तिथली वायर तुटली तर इंजिन ठणठणीत असूनही ते 'बंद' स्थितीतच राहतं. गॅरेजवाल्याच्या हातून गाडी चालू कशी झाली याचंही उत्तर यातच आहे: रंग मारताना कनेक्टर हलला, तांबं तांब्याला टेकलं. माझं मत विचाराल तर त्याला हे पहिल्या अर्ध्या तासात सापडलं होतं.

हो, रंग. अण्णांनी पंपावर नखाने खरवडलं तर वरची चंदेरी पापडी निघाली आणि खाली जुना तेलकट चिखल तसाच. पंप ओव्हरहॉल झाला असता तर आधी तो धुतला गेला असता. इंडिकाचा पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. तो काढायचा तर बेल्टचं कव्हर उघडावं लागतं, पंपाचं टायमिंग पुन्हा बसवावं लागतं. कव्हरच्या बोल्टांवर गंज जसाच्या तसा. इंजेक्टरकडे (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या भागाकडे) जाणाऱ्या पाइपांच्या नटांवर पान्याचा ओरखडा नाही. पंप जागेवरून हललाच नव्हता. आणि रोटर खरोखर जाम झाला असता तर सेल्फ इतका मोकळा फिरलाच नसता. बेल्टचे दात तरी गेले असते, नाहीतर शाफ्ट तरी तुटला असता. वाटीतला चुरा आणि ओरखड्यांचा रोटर कुणाच्या गाडीचा, देव जाणे.

हीटर प्लगचीही तीच गत. त्यांच्यावरची जोडपट्टी सोडवून बॅटरीच्या प्लसवरून तोच बल्ब एकेकाच्या टोकाला लावला. तीन प्लगांवर पेटला, चौथ्यावर नाही. 'नव्या' चारांतला एक मेलेला, आणि बाहेर काढला तर आटे कार्बनने काळे. बॅटरी मात्र खरंच बदलली होती, पण वॉरंटी कार्ड न देता, आणि आमची जुनी, वॉरंटीत असलेली बॅटरी ठेवून घेऊन. भंगारात जाणाऱ्या बॅटरीचेसुद्धा दुकानदार पैसे वजा करतो, ही तर चांगली होती.

वायरीला नवं टर्मिनल लावून अण्णांनी दीडशे रुपये घेतले. चहा वेगळा.

ज्यांच्याकडे थोडी नवी, कॉमन रेलची गाडी आहे, त्यांच्यासाठी एक. तुमच्याकडे "पंप गेला"च्या जागी "चारही इंजेक्टर गेले" येतं. तिथे रिटर्न टेस्ट करून दाखवायला सांगा: प्रत्येक इंजेक्टरच्या परतीच्या नळीला एक बाटली लावायची आणि सेल्फ मारायचा. जी बाटली बाकीच्यांपेक्षा भराभर भरते तो इंजेक्टर डिझेल परत सोडतोय, म्हणून रेलमध्ये दाब तयार होत नाही. चारही एकाच दिवशी मरणं दुर्मीळ असतं. स्कॅनर लावून सेल्फ मारताना रेलचा दाब किती दिसतो तेही विचारा. मात्र जुन्या इंडिका-सुमोसारखं इंजेक्टरचा नट सैल करून हवा काढण्याचा उद्योग या गाड्यांवर कुणालाही करू देऊ नका. चालू इंजिनच्या रेलमध्ये हजार बारच्या वर दाब जाऊ शकतो. नट सैल केल्यावर सुटणारी डिझेलची धार कातडी फाडून आत शिरते.

पंप काढावाच लागला तर काढण्याआधी त्याचा, त्यावरच्या प्लेटवरच्या नंबराचा आणि बेल्टच्या कव्हरचा फोटो काढून घ्या, आणि कोणत्या पंपवाल्याकडे जातोय ते विचारून स्वतः तिथे जा. बरीचशी पंपाची दुकानं मालकाला टेस्ट बेंचवर पंप फिरवून दाखवतात. जुने पार्ट परत मागा. हे आधी सांगितलं की निम्मे 'गेलेले' पार्ट आपोआप बरे होतात.

पक्कं बिल न देणं ही नुसती टाळाटाळ नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल किंवा पावती न देणं हा अनुचित व्यापारी प्रथेतला प्रकार म्हणून धरलाय. मी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. सोबत ती चिठ्ठी, यूपीआयचा पुरावा, खरवडलेल्या रंगाचे आणि गंजलेल्या बोल्टांचे फोटो, आणि जुन्या बॅटरीचं वॉरंटी कार्ड, ज्यावर तिचा नंबर आहे. हे कार्ड सगळ्यात उपयोगी पडलं, कारण "ती बॅटरी कुठे आहे?" याला त्याच्याकडे उत्तर नव्हतं.

मग फोन आला. मला नाही, वडिलांना. "काका, मुलीला जरा समजवा, एवढ्या तेवढ्यावरून..." वडिलांनी "तिच्याशीच बोला" म्हणून फोन माझ्याकडे दिला आणि ते गोठ्याकडे गेले. बॅटरीचे 5,200 आणि प्लगचे 2,400 त्याने दुसऱ्या दिवशी परत पाठवले. पंपाचं काम केलंय यावर तो अजून ठाम आहे. म्हणून उरलेल्या पैशांसाठी जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. अण्णा लेखी द्यायला तयार आहेत. फक्त त्यांचं म्हणणं, मराठीत लिही, आणि सोलेनॉइडचं स्पेलिंग मला विचारू नकोस.