जीपीएस घड्याळ: पळायला घेतलं, पण बॅटरी कळली वारीत

गार्मिनचं फोररनर 255 बरेच महिने हातात आहे. उन्हाळा, अख्खा पावसाळा, थंडी सगळं झालंय, म्हणून आता लिहितोय. अनबॉक्सिंगचे व्हिडिओ ढिगाने पडलेत पण त्यात बॅटरी संपेपर्यंत कोणी घड्याळ घालून चालत नाही, आणि मला नेमकं तेवढंच बघायचं होतं.

आधी कागदावरचं सांगतो. मॉडेल जून 2022 चं, वजन 49 ग्रॅम, पाच बटणं, टच नाही. नुसतं घड्याळ म्हणून वापरलं तर 14 दिवस, साध्या जीपीएसवर 30 तास, सगळ्या सॅटेलाइट सिस्टिम चालू केल्या तर 25, आणि त्यावर मल्टीबँड (एकाच वेळी दोन फ्रिक्वेन्सीवर सिग्नल ऐकणं) लावलं तर 16. म्हणजे घड्याळ एकच, सेटिंग बदललं की तास जवळजवळ निम्मे. दुकानात विचारलंत तर 14 दिवस एवढंच ऐकायला मिळेल, बाकीचं कोणी बोलत नाही.

रोजच्या वापरात, म्हणजे सकाळी वेताळ टेकडीवर तासभर पळणं, मग ऑफिस, रात्री झोपेचं ट्रॅकिंग, एवढ्यात मला आठवडा आरामात निघतो, कधी नऊ दिवसही गेलेत. 14 नाही मिळत, कारण रोज जीपीएस लागतं आणि फोनच्या नोटिफिकेशन चालू आहेत. आमच्या सोसायटीचा आणि नातेवाइकांचा व्हॉट्सॅप ग्रुप मनगटावर दिवसभर थरथरत असतो, तो म्यूट केल्यावर बॅटरीला जो फरक पडला तो कुठल्याही अपडेटने पडला नव्हता. दुसरं म्हणजे रात्रीचं ब्लड ऑक्सिजन मोजणं. ते बंदच ठेवा. रात्रभर लाल लाइट मारत बसतं, सकाळी बॅटरी खाली, आणि त्या आकड्याचं पुण्यात बसून आपण करणार काय? लेह-लडाखला चाललात तर लावा.

आता वारी. पुणे ते सासवड हा माउलींच्या पालखीचा सगळ्यात लांबचा टप्पा, दिवे घाट चढून तीसेक किलोमीटर. पळणाऱ्याला तीस किलोमीटर म्हणजे तीन-चार तासांचं काम, पण वारीत तेच अंतर पहाटे पाचपासून अंधार पडेपर्यंत चालतं, आणि जीपीएसला तुम्ही किती लांब गेलात याच्याशी देणंघेणं नसतं, किती वेळ चालू ठेवलंत तेवढंच त्याला कळतं. मी साध्या जीपीएसवर ठेवलं होतं, शंभर टक्क्यांवर निघालो, मुक्कामाला पोचलो तेव्हा चाळीसच्या जरा वर होतं. मल्टीबँडवर ठेवलं असतं तर 16 मधले 14 तास तिथेच संपले असते, म्हणजे सासवडला पोचता पोचता घड्याळ आचकेच देत असतं. माळरानावरच्या सरळ रस्त्याला ते लागतही नाही.

वाटेत शेजारच्या दिंडीतल्या आज्जी दर अर्ध्या तासाने विचारायच्या, "माउली, किती राहिलं?" आणि घड्याळ सांगणार किती झालं ते. राहिलेलं हवं असेल तर आदल्या रात्री फोनवरून रूट घड्याळात टाकावा लागतो, मग उरलेलं अंतर दिसतं. या मॉडेलमध्ये नकाशा नाही, नुसती एक रेघ आणि तुमचा बाण, पण वारीत वाट चुकायची सोय नसल्यामुळे रेघ पुरते. हरिश्चंद्रगडाला धुक्यात मात्र ती रेघ फार कामाला आली, दहा फुटांवरचं दिसत नव्हतं आणि बाण रेघेवरून सरकला की लगेच कळत होतं. आलो त्याच वाटेने परत नेणारी सोयही आहे, ती जाण्याआधी घराजवळ एकदा वापरून बघा, गडावर मेनू शोधत बसू नका.

स्टेप्सचं तर विचारूच नका. विसाव्याला एका जागी उभं राहून टाळ वाजवत होतो, भजन संपेपर्यंत घड्याळाने मला भरपूर चालवलं. आणि नंतर पताका हातात घेतल्यावर हात हलेना, तर खरं चाललेलं मोजलंच नाही. हे कुठल्याही मनगटावरच्या यंत्राचं होणार, ते हाताची हालचाल मोजतं. अंतर जीपीएसवरून येत असल्यामुळे ते ठीक होतं, फक्त विसाव्याला पॉझ करायला विसरू नका, कारण उभ्या माणसाचंही लोकेशन चार-पाच मीटर इकडेतिकडे उडत राहतं आणि ते सगळं बेरजेत जातं. माझ्या ट्रॅकवर जेवणाच्या ठिकाणी गुंतलेल्या दोऱ्याचा गुंडा झालाय.

चार्जिंगची एक भानगड आधी माहीत असायला हवी. केबल खास गार्मिनची, चार पिनांची, फोनची सी टाइप चालत नाही, म्हणजे प्रवासात ती हरवली की खेळ खलास. मी दोन ठेवतो. आणि पॉवरबँक. घड्याळ इतका कमी करंट ओढतं की काही पॉवरबँकना वाटतं काही जोडलेलंच नाही आणि त्या मिनिटाभरात आपोआप बंद होतात. तुम्ही लावून झोपता, सकाळी बघता तर टक्के जिथे होते तिथेच. माझ्या पॉवरबँकचं बटण दोनदा दाबलं की कमी करंटचा मोड लागतो, तुमच्याला आहे का बघून घ्या, नाहीतर सोबत फोनही त्याच पॉवरबँकला लावा म्हणजे ती जागी राहते. तंबूत एका एक्स्टेन्शन बोर्डाला पंधरा फोन लटकलेले असतात, तिथे नंबर लागायची वाट बघण्यापेक्षा हे बरं.

मग मल्टीबँड कशाला आहे? सांधण दरीसारख्या ठिकाणी. दोन्ही बाजूंना कातळ, वर आकाशाची पट्टी, सॅटेलाइट वीस हजार किलोमीटरवर, त्याचा मुळात अशक्त सिग्नल भिंतीवर आपटून घड्याळापर्यंत येतो आणि घड्याळाला वाटतं आपण भिंतीच्या आत आहोत. मल्टीबँडमध्ये दोन फ्रिक्वेन्सीवर ऐकत असल्यामुळे आपटून आलेला सिग्नल त्याला बराच ओळखता येतो. मुंबईत लोअर परळच्या टॉवरांमध्ये पळणाऱ्यांनाही हाच त्रास, तिथेही उपयोग आहे. पण टेकडी, हायवे, शेतरस्ता, मोकळं मैदान, इथे दोन्ही मोडचे ट्रॅक मी नकाशावर एकावर एक टाकून बघितले, फरक शोधावा लागतो. निव्वळ मल्टीबँडसाठी साधं मॉडेल सोडून महागडं घेऊन जास्तीचे पैसे घालू नका असं माझं स्पष्ट मत.

स्क्रीनबद्दल भांडणं चालतात म्हणून सांगतो. याचा डिस्प्ले फोनसारखा चमकदार अ‍ॅमोलेड नाही, ऑफिसमध्ये ट्यूबलाइटखाली मळकट दिसतो, बायकोने पहिल्या दिवशी "एवढ्या पैशात हे?" विचारलं होतं. पण भर दुपारच्या उन्हात जेवढं ऊन जास्त तेवढा तो स्पष्ट, आणि कायम चालू. मित्राचं अ‍ॅमोलेडवालं दिसायला एक नंबर आहे, पण बॅटरीसाठी त्याने स्क्रीन कायम चालू ठेवणं बंद केलंय, मग वेळ बघायला हात झटकतो. पावसात टचला थेंब लागून भलतीच स्क्रीन उघडते ते वेगळंच. बटणं भिजलेल्या, चिखलाच्या हाताने, ग्लोव्हज घालूनही चालतात.

उंची हवेच्या दाबावरून मोजली जाते. कळसूबाईला वर 1646 मीटरच्या आसपासच आकडा आला, खूश झालो. पण पावसाळ्यात गडावर मुक्काम केला तर झोपेत तुम्ही वीस-पंचवीस मीटर चढलेले असता, कारण हवेचा दाब उतरला की घड्याळाला उंची वाढल्यासारखी वाटते, एका हेक्टोपास्कलला (दाब मोजायचं एकक) साधारण आठ मीटर. सकाळी निघताना एकदा कॅलिब्रेट करा, म्हणजे खरी उंची देऊन आकडा जुळवून घ्या, झालं.

निघायच्या आदल्या दिवशी फोनशी सिंक नक्की करा. सॅटेलाइट पुढचे काही दिवस कुठे असतील याची फाइल त्यातून येते, ती ताजी असेल तर काही सेकंदांत लोकेशन मिळतं, शिळी असेल तर झाडाखाली हात वर करून उभे राहा. आणि हिमालयात चाललात तर रात्री घड्याळ हातातच ठेवा किंवा स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, थंडीत लिथियम बॅटरी पटकन खाली येते.

कोणी घ्यावं? तासभर पळून घरी येणाऱ्याने बॅटरीचा विचारच करू नये, त्याला याच मालिकेतल्या साध्या फोररनर 55 चे 20 तासही ढीग झाले. सलग दोन दिवस डोंगरात काढणाऱ्याने, वारी चालणाऱ्याने 255 बघावं, जुनं मॉडेल असल्यामुळे सेलमध्ये कमी किमतीत दिसतं. 255 चा म्युझिकवाला (घड्याळातच गाणी ठेवता येणारा) प्रकार मात्र सोडा, गाणी आणि जीपीएस एकत्र लावलं की पंचवीसचे सात तास होतात, आणि फोन तसाही खिशात असतोच.

पट्टा सिलिकॉनचा आहे, घामाने खाली खाज सुटते. आंघोळीच्या वेळी काढून मनगट कोरडं करा, नाहीतर मी करतो तसं एक दिवस उजव्या, एक दिवस डाव्या हातात.