लोकांच्या वाकळा शिवायच्या : मशीनवर की हातानं?

रिटायर झाल्यावर लोकांना वाकळा शिवून द्याव्यात, असं मनात घेतलेले तिघे-चौघे गेल्या थंडीत माझ्याकडे येऊन गेले. एक बँकेतले, एक शाळेतल्या बाई, एक माझ्याच खात्यातला. चहा होईपर्यंत गाडी त्याच प्रश्नावर येते. मशीन घ्यावं का हातानंच करावं? मी आधी एक केलं, मग दुसरं केलं, म्हणून मला विचारतात. दरवेळी तेच उगाळण्यापेक्षा एकदा लिहून ठेवतो. पुण्याकडचे गोधडी म्हणतात, आम्ही सांगलीकर वाकळ म्हणतो. थर कसे लावायचे, कच्चा टाका म्हणजे काय, हे तुम्हाला येतं असं धरून चाललोय. मशीनच्या किमती आणि मॉडेलं दुकानदार सांगेल, त्याला सांगायचा उत्साह माझ्यापेक्षा जास्त असतो.

माझा कल कुठं असायला हवा होता, ते आधी सांगतो. मी साखर कारखान्यात चौतीस वर्षं फिटर होतो. गळीत हंगामात मिलचा आवाज जरा बदलला तरी क्वार्टरमध्ये झोपेतून जाग यायची. मशीन दिसलं की माझा हात तेलाच्या कुपीकडे जातो. त्यामुळे सुई-दोरा घेऊन बसण्याचा विचार सुरुवातीला माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता.

घरात आईचं काळं पायमशीन होतं. वर्षभर त्यावर काढलं. कापड चार पदरी झालं तरी ते कुरकुरत नाही, सोळा नंबरची सुई लावली, टाका मोठा केला की चालतंय. अडचण बगलेची. सुई आणि मशीनचा उभा खांब यांच्यामधल्या जागेला मी बगल म्हणतो. पायमशीनला ती वीतभरसुद्धा नसते. एकेरी वाकळेचा अर्धा भाग गुंडाळून त्या बगलेत कोंबायचा, उरलेला अर्धा मांडीवर आणि खुर्चीच्या पाठीवर टाकायचा, आणि पायानं पॅडल मारत हे सगळं सरळ पुढं सरकवायचं. मधल्या ओळींना तर बैल घाण्यात घालावा तसं वाटायचं. मग इचलकरंजीत एक शिलाई युनिट बंद झालं, तिथलं जुनं इंडस्ट्रियल मशीन आणलं. क्लच मोटर काढून सर्वो मोटर बसवली. क्लच मोटर शिवत नसलात तरी घुमत राहते, सर्वो पाय ठेवला तरच फिरते आणि वेग गोगलगायीइतका कमी करता येतो. नवशिक्यानं तेवढा बदल करावाच. कापड वरून दाबून धरणारी पट्टी, म्हणजे फूट, गुडघ्यानं उचलायची सोय असते, म्हणजे दोन्ही हात कापडावर राहतात. बगलही वीतभरापेक्षा मोठी.

असल्या मशीनच्या माहितीत मिनिटाला ५५०० टाके असं लिहिलेलं असतं. मी फिटर, लगेच हिशोब मांडला. दोन मीटर लांब, सव्वा मीटर रुंद वाकळ, बोटभर अंतरावर एक ओळ, म्हणजे साधारण साठ ओळी, म्हणजे एकशेवीस मीटर शिलाई. चार मिलिमीटरचा टाका धरला तर मिनिटाला बावीस मीटर. सहा मिनिटांत वाकळ! बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "मग सातव्या मिनिटाला काय करणार?" प्रत्यक्षात मला एका वाकळेला दोन दिवस लागायचे, अजूनही लागतात.

पण खोटं कशाला बोलू, दोन दिवस म्हणजे चैनच. नवीन सुती कापड, मध्ये कापसासारखी पॉलिफिलची शीट, खाली पुन्हा नवीन कापड, असं काही करायचं असेल तर मशीनला तोड नाही. बाळाच्या दुपट्यांना तर नाहीच. दुपटं लहान, बगलेत मावतं, काठाला पट्टी मशीननं लावली की महिनोन्‌महिने रोज धुतलं तरी उसवत नाही. कुणाला फक्त दुपटी आणि नव्या कापडाच्या गोधड्या विकायच्या असतील, तर त्यानं इथंच वाचन थांबवून मशीन घ्यायला जावं. मी अडवणार नाही.

आपल्याकडे गिऱ्हाईक मात्र नवीन कापड घेऊन येत नाही. ते पिशवीत गुंडाळून आईची लुगडी आणतं.

आणि इथंच माझं घोडं अडलं. मशीनचे दाते खालून कापड ओढतात, वरचं फूट ते दाबून धरतं. म्हणजे खालचा थर पुढं पळतो, वरचा मागं रेंगाळतो. चार-पाच पदर असले की हा फरक ओळीगणिक साठत जातो. दोन मीटरच्या ओळीच्या शेवटी वरचं कापड दोन बोटं जास्त उरतं. नवीन कापड जरा कडक असतं, ते तरी ऐकतं. जुनेर लुगडं, तेही तीस वर्षं नेसून पाण्यासारखं झालेलं, ते सरकतच राहतं. कुठंतरी चुणी पडते. वर पडली तर दिसते. खालच्या अंगाला पडली तर ओळ संपवून वाकळ उलटी करेपर्यंत कळत नाही.

यावर उपाय आहेत आणि ते मी करून पाहिलेत. मार्केट यार्डाच्या बाजूला एक सीट कव्हर शिवणारा आहे, त्याच्याकडे मी तासभर उभा राहिलो. त्याच्या मशीनचं फूट खालच्या दात्यांबरोबर वरून पावलं टाकतं, वरचं रेक्झिन पण खालच्या फोमबरोबर चालतं. त्याला वॉकिंग फूट म्हणतात, आणि साध्या मशीनलाही त्याचा जोड मिळतो. मी घेतला. चुण्या निम्म्यानं कमी झाल्या म्हणेन, मोजलेलं नाही. हातभर अंतरावर कच्चे टाके घालून सगळे थर आधी बांधून घेतले, आणखी कमी झाल्या. परदेशात लाँगआर्म नावाचं मशीन असतं, त्यात वाकळ रुळांवर ताणून स्थिर ठेवतात आणि मशीनचं डोकं वर फिरतं. कापड हलतच नाही, तर चुणी पडेल कशाला. विचार एकदम पटला. पण त्याची चौकट आठ-दहा-बारा फुटांची. सांगलीच्या नदीकाठच्या गावभागातल्या माझ्या घरात ती ठेवली तर आम्हा दोघांना झोपायला रस्त्यावर यावं लागेल.

चुण्या कमी झाल्या, बंद झाल्या नाहीत. चुणी पडली की उसवायचं. माझ्या मते सगळा निर्णय या उसवण्याशी येऊन थांबतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तासगावच्या बाजूच्या एक बाई आल्या होत्या. आईची दोन नऊवारी लुगडी, त्यातलं एक हिरवं इरकली, मध्ये दंड घातलेलं. दंड म्हणजे काय ते आताच्या मुलांना सांगावं लागतं: लुगडं मधून विरलं की तेवढा भाग कापून दोन्ही टोकं जोडायची आणि पुन्हा नेसायचं. म्हणजे ते लुगडं एकदा मरून परत उठलेलं. मी ते वरच्या थराला घेतलं, काठ चारही बाजूंनी दिसतील असं. मशीनवर मधल्या ओळींपर्यंत छान गेलो. उलटी करून पाहतो तर खाली करंगळीएवढी चुणी, पक्की शिवलेली, तीन ओळींमधून गेलेली.

मशीनचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. वरचा आणि खालच्या रिळाचा, म्हणजे बॉबिनचा, दोन्ही कापडाच्या पोटात एकमेकांना गळामिठी मारून बसतात. एक टोक धरून ओढला तर निघत नाही. प्रत्येक चार-पाच टाक्यांनी तोडावा लागतो. मी सीम रिपर, म्हणजे उसवायचं टोकदार हत्यार, घेतला, चष्म्यावर भिंग लावलं, आणि दोन संध्याकाळ बसलो. दुसऱ्या संध्याकाळी रिपरचं टोक दोऱ्याखाली न जाता कापडाखाली गेलं. विरलेलं कापड आवाजसुद्धा करत नाही. रुपयाएवढं भोक पडलं.

त्याच लुगड्याच्या पदरातून तुकडा काढून ठिगळ लावलं. रंगाला रंग जुळला. बाई आल्या, वाकळ उलगडली, आणि का कोण जाणे, त्यांचं बोट बरोबर त्या ठिगळावरून फिरलं. काही बोलल्या नाहीत. पैसे पूर्ण दिले. मला ते घ्यायला जड गेलं, हे मात्र मी बायकोलाही नंतर बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

त्यानंतर मी शेजारच्या आक्कांकडे गेलो. वय ऐंशीच्या घरात, आयुष्यभर गल्लीतल्या वाकळा शिवलेल्या. त्यांनी चटईवर थर पसरले, चार कोपऱ्यांवर वरवंटा, तांब्या, अडकित्त्याचा डबा आणि माझी चप्पल ठेवली, आणि काठापासून आत फिरत धावदोरा घालायला सुरुवात केली. कापड जमिनीवर पसरलेलं असतं, ते कुठं जाणार? सुई त्याच्यातून जाते, ते सुईमागून जात नाही. म्हणजे लाँगआर्मवाल्यांनी बारा फुटांची चौकट लावून जे साधलं, ते आक्कांनी तांब्या ठेवून साधलं होतं. मी दोरा ओढून घट्ट करायला लागलो तर म्हणाल्या, "वडू नगा भाऊ, आपसूक बसतुया तो." आणि चुकलं की? दोऱ्याचं टोक धरून एक ओढ दिली की अख्खी ओळ सुळकन बाहेर. कापडाला ओरखडा नाही. मी तिथल्या तिथं दोनदा मुद्दाम चुकलो, फक्त ते बघायला.

हाताच्या कामाची बाजू घेतोय असं दिसतंय, तर त्याचं वाईटही सांगायला हवं. एकशेवीस मीटर हातानं शिवायला मला रोज दोन तास धरून महिना लागतो. जमिनीवर बसणं साठीनंतर प्रत्येकाला जमेल असं नाही. मी दिवाणावर प्लायवूड टाकून त्यावर थर पसरतो आणि कडेला स्टुलावर बसतो, मधल्या ओळींना वाकावं लागतं, पण गुडघे वाचतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन राहिलं असेल तर आधी ते करून घ्या. अंगुस्तान, म्हणजे बोटात घालायची टोपी, नसेल तर मधल्या बोटाला आठवड्यात भोकं पडतात. आणि थंडी. लोकांना वाकळेची आठवण दिवाळीनंतर येते, सगळ्यांना ती संक्रांतीआधी हवी असते. हातानं शिवणारा माणूस त्या दोन महिन्यांत फार तर दोन-तीन देऊ शकतो, बाकीच्यांना नाही म्हणायला शिकावं लागतं. पैशाचं विचाराल तर हातशिलाईचे मी मशीनच्या दुप्पट घेतो आणि वेळ त्याच्या कितीतरी पट जातो. ज्यांना यावर घर चालवायचंय त्यांनी माझं ऐकू नये. माझी मुलगी तर म्हणते, पप्पा, हा धंदा नाही, हा उपास आहे.

अंगावर घेतल्यावरचा फरक मला जाणवतो, तुम्हाला जाणवेलच असं नाही. मशीनची बारीक, आवळलेली शिलाई वाकळेला जरा ताठरपणा आणते. हाताची वाकळ अंगाशी मऊसूत बसते. मात्र धुण्याला मशीनची टिकाऊ, हे मान्य. हाताचा दोरा एका जागी तुटला की ओळ सुटत जाते, वेळीच गाठ मारली नाही तर हातभर मोकळी होते. गिऱ्हाइकाला तसं सांगून ठेवतो, आणि पहिल्या वर्षात सुटलं तर आणून द्या म्हणतो. आतापर्यंत दोघेच आले.

कापडाचा एक हिशोब देऊन ठेवतो, दोन्ही पद्धतींना उपयोगी. एक नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. दोन-दोन मीटरचे चार तुकडे केले की एकेरी वाकळेचे चार थर एकाच लुगड्यात होतात. सहावारीत दोन थर आणि वर काठा-ठिगळाला पुरेल एवढा तुकडा. मशीनला चार थर पुरे, त्यापुढं चुण्या वाढतात. हाताला सहा-सात चालतात, फक्त सुई लांब हवी. दोरा जुनेराला सुतीच घ्यावा असं आक्कांचं म्हणणं, पॉलिएस्टरचा दोरा जुन्या कापडाला करवतीसारखा कापतो म्हणे. मला ते पटलं, पण वीस वर्षांनीच कळेल.

पुराचं बोलायला नको होतं, पण गावभागात राहून ते टाळता येत नाही. २०१९ ला आईचं पायमशीन पाण्याखाली राहिलं. गाळ धुतला, रॉकेल घातलं, तेल पाजलं, चालू झालं. २०२१ ला कृष्णेवरच्या आयर्विन पुलाखाली पाणी चाळीस फुटांच्या इशारा पातळीवर गेल्याचं कळताच मी सर्वो मोटर सोडवून माळ्यावर चढवली, टेबल मात्र खालीच राहिलं आणि प्लाय फुगला. सुईचा डबा आणि दोऱ्याची रिळं बायकोच्या पर्समध्ये गेली होती.

इंडस्ट्रियल मशीन अजून घरात आहे, दुपटी त्याच्यावरच होतात, आणि रविवारी त्याला तेल घालायला मला अजून आवडतं. पण आता कुणी पिशवीतून लुगडं काढलं की मी त्या खोलीत जातच नाही.

तुम्हाला ठरवायचंच असेल तर दुकानात जाण्याआधी घरातलं एक जुनं धोतर घ्या, नाहीतर विरलेली चादर. चौपदरी घडी घाला. शेजाऱ्याच्या मशीनवर हातभर एक ओळ मारा, तिच्या बाजूला हातानं एक धावदोरा घाला. मग दोन्ही ओळी उसवून बघा.