लाकडासाठी बिट घेताना: साधं ट्विस्ट की ब्रॅड पॉइंट?

हार्डवेअरच्या दुकानात ड्रिलचे बिट मागितले की बऱ्याचदा सोनेरी मुलामा दिलेल्या ट्विस्ट बिटांचा डबा समोर येतो. ही बिटं मुळात धातूसाठी घडवलेली. लाकडातही चालतात, पण भोक दिसणार असेल किंवा त्यात डॉवेल (जोडासाठीची गोल लाकडी खुंटी) बसवायचं असेल, तर ब्रॅड पॉइंटच घ्या, असं माझं ठाम मत आहे.

सगळा फरक टोकात आहे. ट्विस्ट बिटाचं टोक म्हणजे साधारण ११८ अंशांचा शंकू. सागवानात कडक आणि मऊ रेषा आलटून पालटून असतात. शंकू कडक रेषेवर टेकला की मऊ बाजूला सरकतो, आणि खूण एकीकडे, भोक दुसरीकडे होतं. शिवाय शंकूचा मधला भाग आधी आत शिरत असल्यामुळे कडेचे तंतू कापले न जाता उचकटतात. ब्रॅड पॉइंटला मध्ये सुईसारखं टोक असतं, ते खुणेवरच रुतून बसतं. बाहेरच्या कडेला दोन धारदार टोकं असतात, ती आधी गोल रेघ कापतात आणि मगच आतलं लाकूड निघतं. व्हिनियर (लाकडाचा पातळ पापुद्रा) लावलेल्या प्लायच्या तुकड्यावर दोन्ही बिटांनी ८ मिमीची भोकं शेजारी शेजारी पाडून बघा. ट्विस्टच्या भोकाभोवती कुसळं उभी राहतात, ब्रॅड पॉइंटची कड बोटाला गुळगुळीत लागते. पलीकडून बिट बाहेर पडताना मात्र दोन्हींनी लाकूड फुटू शकतं, म्हणून खाली टाकाऊ फळी घट्ट दाबून धरायची.

ट्विस्ट बिट निरुपयोगी आहे असं मुळीच नाही. स्क्रूआधीचं २.५ किंवा ३ मिमीचं भोक त्यानेच पाडावं. जुन्या चौकटीत खिळा दडलेला असण्याची शक्यता असेल तर ब्रॅड पॉइंट लावू नका, त्याची टोकं तिथेच मोडतील. आधीचं भोक मोठं करायचं असेल तरी ट्विस्टच बरं, कारण ब्रॅड पॉइंटच्या मधल्या टोकाला तिथे टेकायला लाकूडच उरत नाही.

विकत घेताना बिट उजेडात धरून बघा. स्वस्तातल्या काही ‘ब्रॅड पॉइंट’ बिटांना मधला उंचवटा असतो, पण कडेची टोकं बोथट किंवा नावालाच असतात. तसं बिट घेण्यात अर्थ नाही. मग काचेवर ठेवून घरंगळवा; वाकडं असेल तर लगेच कळतं. दांड्यावर एचएसएस, म्हणजे हाय स्पीड स्टील, कोरलेलं असलं तर चांगलं. साधं कार्बन स्टील तापून निळं पडलं की त्याचा कडकपणा जातो. एचएसएस त्याहून खूप जास्त उष्णता सोसतं. सोनेरी थर फार पातळ असतो, पुन्हा धार लावताना धारेवरून निघून जातो, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. कोबाल्टची बिटं स्टेनलेस स्टीलसाठी ठीक, लाकडाला त्यांची गरज नाही.

मोठ्या भोकांचा हिशेब वेगळा. वायर किंवा पाइप जाण्यापुरतं भोक हवं असेल तर चपटं स्पेड बिट स्वस्त आणि झटपट. जाड तुळईत खोल भोक पाडायला ऑगर, म्हणजे लांब पिळाचं बिट, हवं. टोकाच्या स्क्रूमुळे ते स्वतःच आत ओढलं जातं, म्हणून ड्रिलला बाजूचं हँडल लावून दोन्ही हातांनी धरा.

कपाटाच्या बिजागरीचा दारात बसणारा गोल भाग, म्हणजे कप, त्यासाठी ३५ मिमीचं भोक लागतं, खोली साधारण १२-१३ मिमी. १८ मिमीच्या प्लायमध्ये खाली जेमतेम ५-६ मिमी उरतात आणि स्पेडचं लांब टोक दर्शनी बाजूने बाहेर येतं. तिथे सपाट तळाचं भोक पाडणारं फोर्स्टनर बिट किंवा कार्बाइडची (स्टीलहून कडक पदार्थाची) धार असलेलं हिंज बिट, म्हणजे बिजागरीसाठीचं बिट, घ्या. रोज प्लाय आणि एमडीएफवर (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या बोर्डावर) काम असेल तर कार्बाइडच, कारण प्लायमधला गोंद साध्या फोर्स्टनरची धार भराभर खातो. ड्रिलचा वेग कमी ठेवा. धूर दिसला की थांबून भुसा काढा.